पिरॅमिडमधील दफनकक्ष: रिकाम्या पेटीवरून काय ठरते?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या एका लेखात, इजिप्तमधील पिरॅमिड ही राजांची थडगी नव्हतीच, असे ठामपणे मांडले होते. लेखाचा सारा भर एकाच मुद्द्यावर होता. पिरॅमिडच्या आत सापडलेल्या दगडी शवपेट्या रिकाम्या होत्या, त्यांत कोणत्याही राजाचा मृतदेह मिळाला नाही, तेव्हा ज्या खोल्यांना आपण दफनकक्ष म्हणतो त्या दुसऱ्याच कशासाठी तरी बांधल्या असणार, असा तो युक्तिवाद होता. पुढे धान्याची कोठारे, ऊर्जा निर्माण करणारी यंत्रे, लुप्त झालेल्या एखाद्या प्रगत संस्कृतीच्या प्रयोगशाळा अशा शक्यता मांडल्या होत्या. मी चाळीसगाव तालुक्यात इतिहासाचा शिक्षक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. हा लेख आल्यापासून गावातील महाविद्यालयीन मुले मोबाइलवरच्या चित्रफितींची जोड देऊन तोच मुद्दा माझ्यापुढे आणतात. त्यांची जिज्ञासा खरी आहे आणि म्हणूनच तिला उत्तरही पुराव्यानिशी मिळायला हवे, या भावनेने हे पत्र लिहीत आहे.

दफनकक्षाचा हेतू समजून घ्यायचा तर पिरॅमिडच्या आधीच्या काळापासून सुरुवात करावी लागते. नाईलच्या काठचे लोक फार प्राचीन काळी आपल्या मृतांना वाळवंटाच्या कडेला साध्या खड्ड्यात, पाय पोटाशी घेतलेल्या अवस्थेत पुरत असत आणि शेजारी मातीची भांडी, अन्न, दागिने ठेवत असत. तापलेली कोरडी वाळू शरीरातील ओल शोषून घेई आणि मृतदेह आपोआप वाळून टिकत असे. पुढे मोठ्या घरच्या माणसांसाठी खड्ड्याला विटांचे अस्तर आले, लाकडी पेटी आली, वर मस्तबा नावाचे सपाट माथ्याचे चौथऱ्यासारखे बांधकाम आले, पण वाळूचा स्पर्श तुटल्यामुळे देह कुजू लागला. देह टिकलाच पाहिजे ही श्रद्धा मात्र कायम होती. त्यातूनच नॅट्रॉन नावाच्या क्षाराने शव सुकवण्याची, यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी वेगळी काढून जपण्याची, तागाच्या पट्ट्यांत देह गुंडाळण्याची कला वाढत गेली, आणि त्याच गरजेतून खाली जमिनीत खोल, दगडाने बंद होणारी खोलीही घडत गेली.

इ. स. पू. २६५० च्या सुमारास सक्कारा येथे जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहिला, तो या परंपरेचा पुढचा टप्पा होता. सुमारे २८ मीटर खोल चौकोनी विहिरीसारख्या खोदकामाच्या तळाशी ग्रॅनाइटची कोठडी बांधली, तिच्या छतातील भोक साडेतीन टनांच्या ग्रॅनाइटच्या दट्ट्याने बंद केले, भोवतीच्या भुयारांच्या भिंती निळ्या-हिरव्या चकाकत्या फरशांनी मढवून राजवाड्याची नक्कल केली आणि मग त्या साऱ्यावर आधी मस्तबा व त्यावर वाढवत वाढवत सहा टप्प्यांचा सुमारे ६० मीटर उंचीचा दगडी डोंगर रचला. इथे बांधकामाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी खोली झाली आणि तिच्या रक्षणासाठी व गौरवासाठी वर पिरॅमिड आला. पिरॅमिडमध्ये ही खोली कशासाठी, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो, पण खरे तर त्या खोलीवर पिरॅमिड कशासाठी, असे विचारले की बरेचसे कोडे सुटते.

याला दुजोरा देणारी एक गोष्ट लेखकाने विचारात घेतलेली दिसत नाही. तिसऱ्या राजवंशाचा शेवट आणि चौथ्याचा आरंभ या काळात नाईलच्या खोऱ्यात एलिफंटाइन, एदफू, एल-कुला, सैला अशा ठिकाणी सात लहान पायऱ्यांचे पिरॅमिड बांधले गेले. ते राजसत्तेची किंवा राजपूजेची प्रतीके असावीत, असे अभ्यासक मानतात. या सातही पिरॅमिडांच्या आत किंवा खाली एकही खोली नाही. म्हणजे ज्या पिरॅमिडात कुणाला पुरायचे नव्हते तिथे इजिप्तच्या कारागिरांनी कक्ष खोदण्याचे कष्ट घेतले नाहीत, आणि जिथे राजाला ठेवायचे होते तिथे मात्र त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या एका खोलीवर आपली सारी बुद्धी पणाला लावली. दफनकक्षाचा हेतू ठरवताना हा फरक माझ्या मते फार मोलाचा आहे.

आता गिझा येथील चौथ्या राजवंशातील खुफू राजाच्या महापिरॅमिडकडे वळू, कारण लेखाचा रोख त्याच्यावरच होता. मूळची सुमारे १४६ मीटर उंची आणि २३० मीटर लांबीची प्रत्येक बाजू असलेल्या या बांधकामात तीन कक्ष आहेत. एक खाली खडकात अर्धवट सोडलेला, एक मधला, ज्याला चुकून ‘राणीचा कक्ष’ हे नाव चिकटले आहे, आणि तिसरा पायथ्यापासून सुमारे ४३ मीटर उंचीवरचा ‘राजाचा कक्ष’. हा तिसरा कक्ष सुमारे साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटर रुंद आणि पावणेसहा मीटरहून थोडा अधिक उंच आहे. तो संपूर्णपणे आस्वानहून, म्हणजे नदीमार्गाने शेकडो किलोमीटरवरून आणलेल्या तांबूस ग्रॅनाइटचा आहे. छताला नऊ शिळा आहेत आणि त्यांचे एकत्रित वजन सुमारे ४०० टन भरते. वरच्या दगडांचा भार थेट या छतावर येऊ नये म्हणून त्याच्यावर एकावर एक पाच बुटक्या पोकळ्या ठेवल्या आहेत आणि सर्वांत वर तिरप्या शिळांचे छप्पर आहे. या पोकळ्यांत कुणी जावे अशी योजनाच नव्हती. १८३७ मध्ये हॉवर्ड व्हाइस या इंग्रज संशोधकाच्या माणसांनी सुरुंग लावून वरच्या चार पोकळ्यांत वाट काढली, तेव्हा तिथल्या ओबडधोबड दगडांवर लाल रंगात लिहिलेल्या मजुरांच्या टोळ्यांच्या खुणा सापडल्या आणि त्यांत खुफूचे नावही होते. काही खुणा उलट्या आहेत, काही दोन दगडांच्या सांध्यात शिरलेल्या आहेत, याचा अर्थ दगड बसवण्यापूर्वीच त्या लिहिल्या गेल्या. पिरॅमिड कुणाच्या काळात आणि कुणासाठी बांधला गेला, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा क्वचितच मिळेल.

या कक्षाच्या पश्चिम टोकाला ग्रॅनाइटची शवपेटी आहे. तिचा एक कोपरा फुटलेला आहे, झाकण नाहीसे झाले आहे, पण झाकण सरकवण्यासाठी कडेला कोरलेली खाच आणि ते अडकवण्याच्या खुंट्यांसाठी पाडलेली भोके आजही दिसतात. दगड कापताना करवत वाकडी गेली तिथले ओरखडेही तिच्या अंगावर आहेत. आत एक माणूस उताणा निजेल एवढीच तिची जागा आहे. कक्षाकडे येणाऱ्या चढत्या मार्गाचा सुरुवातीचा भाग या पेटीहून अरुंद असल्यामुळे ती बाहेरून आत नेता येणार नव्हती. बांधकाम त्या उंचीला आले तेव्हाच ती जागेवर ठेवली गेली असली पाहिजे. कोठाराच्या कल्पनेबद्दल इतकेच सांगतो की सुमारे २६ लाख घनमीटर दगडी रचनेत या कक्षाची पोकळी जेमतेम सव्वातीनशे घनमीटर आहे. इजिप्तचे लोक धान्य कशात साठवत हेही आपल्याला ठाऊक आहे, कारण विटांच्या गोल कणग्यांचे अवशेष आणि त्यांची चित्रे भरपूर उपलब्ध आहेत.

याहून मोठा पुरावा म्हणजे हा कक्ष बंद करण्याची व्यवस्था. कक्षाच्या दारापुढच्या लहान दालनात भिंतींना उभ्या खाचा आहेत. त्यांतून ग्रॅनाइटच्या तीन जाड फळ्या वरून खाली सोडल्या की वाट बंद होत असे. खाली चढत्या मार्गाच्या तोंडाशी ग्रॅनाइटचे तीन प्रचंड ठोकळे वरून घसरवत आणून ठासले होते आणि ते आजही तिथेच आहेत. ज्या वास्तूत माणसांना ये-जा करायची असते, यंत्र चालवायचे असते किंवा माल भरायचा-काढायचा असतो, तिथे कुणी एकदा बंद झाल्यावर पुन्हा कधीच उघडणार नाही असे दार बसवीत नाही. एकदाच उघडायची आणि कायमची मिटायची अशी जागा थडग्याखेरीज दुसरी कोणती असते?

मग देह गेला कुठे, या प्रश्नाचे उत्तर खुद्द प्राचीन इजिप्तच्याच कागदपत्रांत आहे. नववा रामसेस गादीवर असताना, म्हणजे इ. स. पू. १११० च्या आसपास, थडगी फोडणाऱ्या टोळ्यांची सरकारी चौकशी झाली आणि त्या चौकशीचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे लेख, टिकून आहेत. त्यांत एका पाथरवटाचा कबुलीजबाब आहे. आपण आणि आपल्या साथीदारांनी तांब्याच्या हत्यारांनी सोबेकेमसाफ राजाच्या पिरॅमिडात शिरकाव केला, आत राजा निजलेला सापडला, त्याच्या गळ्यात सोन्याचे ताईत व अलंकार होते, चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा होता, शवपेट्या सोन्यारुप्याने मढवलेल्या होत्या, ते सारे आपण काढून घेतले, राणीचेही तसेच केले आणि शेवटी त्यांच्या पेट्यांना आग लावली, असे तो सांगतो. आठ जणांत मिळून १६० देबेन (देबेन हे तिथले वजनाचे माप) सोन्याची वाटणी झाली. एक देबेन सुमारे ९१ ग्रॅमचा धरला तर हे साडेचौदा किलोच्या घरात जाते, म्हणजे आपल्या जळगावच्या सराफ बाजारातील आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने जवळजवळ साडेचौदाशे तोळे झाले. पकडला गेल्यावर आपल्या वाट्याचे सोने एका कारकुनाला देऊन आपण सुटलो आणि पुन्हा साथीदारांना जाऊन मिळालो, हेही त्याने सांगितले आहे. पिरॅमिडात राजाचा देह होता, याची ही साक्ष स्वतः तो देह लुटणाऱ्याच्या तोंडची आहे. हा पिरॅमिड दक्षिणेकडील थीब्ज शहराचा आणि गिझानंतर बऱ्याच शतकांनी बांधलेला होता हे खरे, पण चोराची हाव आणि त्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी असण्याचे कारण नाही. गिझा आणि सक्कारा येथील राजांचे पिरॅमिड तर जुने राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पिरॅमिड बांधणाऱ्या राजांच्या कालखंडाचा कारभार कोसळल्यानंतरच्या धामधुमीतच फोडले गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. इ. स. च्या नवव्या शतकात खलिफा अल-मामून याच्या माणसांनी महापिरॅमिडला खिंडार पाडल्याची परंपरा सांगतात, तोवर चोरण्याजोगे काही उरले असण्याची शक्यता थोडीच होती.

शिवाय ‘एकही मृतदेह मिळाला नाही’ हे विधानच बरोबर नाही. दक्षिण सक्कारा येथे जेदकारे इसेसी राजाच्या पिरॅमिडात १९४० च्या दशकात ममीचे अवशेष सापडले, आणि ते पन्नाशी-साठीच्या पुरुषाचे व त्याच काळातील असल्याचे पुढील तपासणीत दिसून आले. अबुसीर येथे चेक संशोधकांना नेफेरेफ्रे या विशीतच मेलेल्या राजाच्या अपुऱ्या पिरॅमिडात त्याच्या देहाचे तुकडे मिळाले. उनासच्या पिरॅमिडातही ममीचे तुकडे निघाले. अखंड देह नाही, दागिने नाहीत, पण लुटारूंच्या हातून जे सुटू शकते तेवढे हाती आले आहे.

दुसऱ्या बाजूचा एक पुरावा मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. १९५४ मध्ये इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झकारिया गोनेम यांना सक्कारा येथे सेखेमखेत राजाच्या अपूर्ण पिरॅमिडाखाली अलाबास्टर या पांढुरक्या मऊ दगडाची शवपेटी सापडली. ती बंद होती आणि उघडल्यावर रिकामी निघाली. स्नेफ्रू या एकाच राजाने मैदूम आणि दहशूर मिळून तीन मोठे पिरॅमिड बांधले वा पूर्ण केले, तेव्हा तिन्हींत त्याचा देह असणे शक्यच नाही. म्हणून प्रत्येक कक्षात प्रेत ठेवलेच गेले होते, असा दावा कुणी करू नये. पण कक्ष कशासाठी बांधला हा एक प्रश्न आहे आणि त्यात प्रत्यक्ष काय ठेवले गेले हा दुसरा. राजा अकाली गेला, योजना बदलली, बांधकामाला तडे गेले, दुसरी जागा पसंत पडली, अशा कारणांनी कक्ष वापरावाचून राहू शकतो. त्यावरून त्याच्या बांधणीमागचा हेतू बदलत नाही.

हा हेतू आपल्याला तर्कानेच ओळखावा लागतो असेही नाही, कारण तो लिहून ठेवलेला आहे. इ. स. पू. २४ व्या शतकातील उनास राजाचा सक्कारा येथील पिरॅमिड बाहेरून आज ढिगाऱ्यासारखा दिसतो. मुळातही तो जेमतेम ४३ मीटर उंचीचा, म्हणजे खुफूच्या पिरॅमिडच्या एक तृतीयांशही नव्हता. १८८१ मध्ये फ्रेंच अभ्यासक गास्तों मास्पेरो त्यात उतरले तेव्हा आतल्या भिंतींवर उभ्या ओळींत कोरलेली आणि निळ्या रंगाने भरलेली चित्रलिपी वरपासून खालपर्यंत दिसली. छतावर निळ्या पार्श्वभूमीवर पाच टोकांचे तारे आहेत. काळ्या दगडाची शवपेटी पश्चिम भिंतीशी आहे आणि तिच्याभोवतीच्या भिंती पांढऱ्या अलाबास्टरच्या असून त्यांवर राजवाड्याच्या दर्शनी भागाची रंगीत नक्षी आहे, जणू राजा आपल्या घरातच निजला आहे. या भिंतींवरच्या दोनशेहून अधिक मंत्रांना आज आपण ‘पिरॅमिड ग्रंथ’ म्हणून ओळखतो.

ते मंत्र काय सांगतात हे पाहिले तर दफनकक्षाबद्दलची आपली समजूतच बदलून जाते. एका ठिकाणी राजाला उद्देशून म्हटले आहे की तू मेलेला म्हणून गेला नाहीस, जिवंत म्हणून गेला आहेस. कुठे त्याला उठायला, अंगावरची धूळ झटकायला सांगितले आहे, कुठे त्याची हाडे गोळा करून शीर जोडून दिले आहे. शवपेटीच्या बाजूच्या भिंतींवर पेटीकडे सर्प येऊ नयेत म्हणून मंत्र आहेत. उत्तरेच्या भिंतीवर अर्पणविधी आहे, त्यात भाकरी, बिअर, मांस, कांदे, तेले, वस्त्रे यांची नावे घेऊन एकेक वस्तू राजाला दिली जाते. उनासला मृतांचा देव ओसायरिस याच्यासारखे पुन्हा सामर्थ्य येते, तो रे या सूर्यदेवाच्या नौकेत बसतो आणि उत्तर आकाशातील कधीही न मावळणाऱ्या ताऱ्यांत जाऊन मिसळतो. काही अभ्यासकांच्या मते शवपेटीची खोली हे पाताळ, पुढचे दालन हे क्षितिज आणि उत्तरेकडे जाणारा मार्ग ही आकाशाची वाट, अशी या खोल्यांची रचनाच राजाच्या प्रवासाप्रमाणे आहे. राजांच्या पिरॅमिडांचा प्रवेशमार्ग बहुधा उत्तरेला का आणि शवपेटी पश्चिमेला, सूर्य मावळतो त्या मृतांच्या दिशेला का, याचा उलगडा यातून होतो. म्हणजे हा कक्ष केवळ प्रेत झाकून ठेवण्याची जागा नव्हता. मेलेला राजा पुन्हा उठावा यासाठी घडवलेली ती जागा होती, आणि देह सुरक्षित राहणे ही त्यासाठीची पहिली अट होती.

या श्रद्धेत ‘का’ म्हणजे माणसाची जीवनशक्ती मरणानंतरही अन्नावाचून राहू शकत नाही. म्हणून पिरॅमिडच्या पूर्वेला मंदिर असे आणि तिथे पुजारी रोज नैवेद्य दाखवीत. अबुसीर येथे सापडलेल्या पपायरसांत या मंदिरांचे हिशेब आहेत, कुणाची पाळी कधी, कोणती सामग्री कुठून आली, कोणती यायची राहिली, इथपर्यंत नोंदी आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने नवी घागर भरून, तिच्यावर खरबूज ठेवून विस्तवावर आगारी देणाऱ्या खान्देशातील घरांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपले पितर पिंडाने आणि पाण्याने तृप्त होतात, देह मात्र आपण अग्नीला देतो. इजिप्तमध्ये देहच राखावा लागत होता, एवढे अंतर ध्यानात ठेवले म्हणजे त्या प्रचंड दगडी खटाटोपाचे कारण कळते.

आमच्या तालुक्यातील एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. गिरणाकाठी बहाळ आणि पलीकडच्या तीरावरील टेकवाडे येथे १९५० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले, तेव्हा टेकवाडे येथे ताम्रपाषाण काळातील दफने मिळाली. त्यांत मृतांसोबत ठेवलेली मातीची भांडी होती. पुणे जिल्ह्यातील इनामगावला तर घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. ही भांडी आणि हे रांजण पाहून ती ऊर्जायंत्रे असावीत असे कुणी म्हणत नाही. माणसाने आपल्या माणसाला मायेने पुरले, एवढे सर्वांना सहज कळते. पिरॅमिड फार मोठे आहेत म्हणूनच तेवढा साधेपणा आपण त्यांना नाकारतो असे मला वाटते, आणि त्यात ज्या मजुरांनी, पाथरवटांनी व नावाड्यांनी ते उभे केले त्यांचे श्रेयही हिरावले जाते. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी सापडली. तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेने गिझाला कसे पोहोचवले, याच्या खुफूच्या कारकिर्दीतील नोंदी तिच्यात आहेत. बांधणाऱ्यांच्या हातचे लिखाण उपलब्ध असताना लुप्त संस्कृतीकडे धाव घेण्याचे कारण उरत नाही.

महापिरॅमिडात म्युऑन या दगडातूनही आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने २०१७ मध्ये, राजाच्या कक्षाकडे चढत जाणाऱ्या उंच मोठ्या दालनाच्या वर निदान ३० मीटर लांबीची एक पोकळी आढळली आणि २०२३ मध्ये उत्तर बाजूला ९ मीटर लांबीची मार्गिका असल्याचे निश्चित झाले. या शोधांचा उल्लेख लेखात ‘दडवलेला खरा कक्ष’ असा केला होता. त्या पोकळीत शवपेटी वा अन्य काही असल्याचा कोणताही पुरावा आजपर्यंत पुढे आलेला नाही, तेव्हा असे नाव देण्याची घाई वर्तमानपत्राने करू नये.

आपणांस माझी विनंती आहे की पुढील एखाद्या रविवारी याच पुरवणीत उनासच्या दफनकक्षाचे छायाचित्र व त्याचा आराखडा, काही मंत्रांच्या मराठी भाषांतरासह, ठळकपणे छापावा. त्याच पानावर बहाळ-टेकवाड्याच्या उत्खननाची माहितीही द्यावी. मूळ लेख ज्यांनी वाचला त्या मुलांच्या हाती हे पान पोहोचावे अशी माझी इच्छा आहे, आणि त्याच्या प्रती तालुक्यातील शाळांमध्ये नेऊन देण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेईन.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
चाळीसगाव, जि. जळगाव